चंडीगडचे गुलाब-उद्यान : शोभा आणि निगा

(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



उद्याने ही श्रीमंतांची हौस होय, असा समज अद्यापही आढळतो. चंडीगडच्या सेक्टर १६ मधील झाकिर हुसेन गुलाब-उद्यान पाहिल्यावर तो टिकत नाही.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. त्या गरजेतून चंडीगड वसविण्यात आले. १९६६ मध्ये ते केंद्रशासित झाले, तेव्हा डॉ. महिंदरसिंग रंधावा तेथील पहिले मुख्य आयुक्त झाले. ते प्रशासक होते, तसेच वनस्पतिशास्त्रज्ञही होते. त्यांच्याच पुढाकाराने १९६७ मध्ये सुमारे ३० एकरांवर हे उद्यान साकारले. त्यास तत्कालीन राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव देण्यात आले. १८९७ मध्ये हैदराबादेत जन्मलेले हे थोर शिक्षणतज्ज्ञ गुलाबांचे निस्सीम चाहते होते.

हिरवळीत आखलेल्या वाफ्यांतून येथे शेकडो जातींचे गुलाब फुलतात. हिरडा, बेहडा, बेल यांसारखे औषधी वृक्षही येथे जोपासलेले आहेत. बहर ऐन भरात असताना, फेब्रुवारीच्या सुमारास, गुलाब-महोत्सव भरतो.

परंतु ही शोभा आपोआप टिकत नाही. चांगल्या जातीचा गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. डोळ्याच्या खालून खुंटाला जोमदार फुटवे येतात. ते वेळीच मुळाशी काढले नाहीत, तर खुंटच सर्व अन्न घेतो, वरचे कलम मरते आणि वाफ्यात केवळ रानगुलाब उरतो. तेव्हा झुडूप हिरवेगार दिसते, पण गुलाब गेलेला असतो! म्हणून उत्तरेत पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, छाटणी करतात. आळी मोकळी करून शेणखत देतात. हे दरवर्षी करावे लागते.

सार्वजनिक कार्याचेही असेच आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी आपल्याकडे गर्दी लोटते. पाणी घालण्याच्या दिवशी मात्र कोणी फिरकत नाही. रोप लावणाराचे नाव फलकावर लागते, राखणाराचे लागत नाही. तरीही उद्यान जगते ते राखणारामुळेच.

म्हणून माझी विनंती एवढीच : शाळेच्या आवारात वा ग्रामपंचायतीपुढे शंभर रोपे लावण्यापेक्षा दहाच लावा, पण पाणी कोण घालणार, छाटणी कोण करणार, हे आधी ठरवा. मुलांच्या हाती प्रथम फूल नव्हे, खुरपे द्या.

जय हिंद!