लाल तारीख नक्की कोणाची?

आज सुट्टीबद्दल बोलू. कॅलेंडरवर लाल तारीख दिसली की आपण खूश. पण तुम्ही मोबाईलच्या दुकानात किंवा मॉलमधल्या शोरूममध्ये कामाला असाल, तर ती लाल तारीख तुमची नाहीच! सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती १८८१ च्या कायद्याखाली. चेक आणि हुंड्यांचा कायदा तो, खरंच! ती यादी बँका आणि सरकारी कचेऱ्यांसाठी.

तुमची सुट्टी आहे राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात. वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या पक्क्या. बाकीच्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, वर बदली सुट्टी.

पण हे सगळं आधी १० किंवा जास्त कामगार असतील तरच होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलात हा आकडा २० झाला. चर्चा झाली ती ९ चे १० तास होण्याची. व्हायलाच हवी होती. पण १४ जणांच्या दुकानातल्या पोराचं काय? तो तर कायद्याच्या बाहेरच गेला! छोट्या दुकानदाराची कागदपत्रांची कटकट वाचते, मान्य. मग नोंदणी माफ करा ना, त्याबरोबर पोराचा १ मे कशाला?

उद्या दुकानात गेलात की डोकी मोजा. शेठला धरून नाही हं, फक्त कामगार.