दोन मिनिटं डोळ्यांकडे पाहा



स्नेहमेळाव्यात आजारपणाचं बोलू नये म्हणतात. पण विषय माझ्यावर सोडलाय, तर ऐका.

अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळतं, एवढं आपण एका मार्कासाठी पाठ केलं होतं. तोच लहान मेंदू नजरही स्थिर ठेवतो. त्यातल्या नोड्युलस नावाच्या छोट्या भागाला इजा झाली, की कधीकधी डोळे आपोआप झटके देऊ लागतात. साधारण दीड-दोन मिनिटं उजवीकडे, काही सेकंद शांत, मग तेवढाच वेळ डावीकडे. दिवसभर हेच. माणसाला समोरची भिंत सरकताना दिसते.

माझ्या मोठ्या नणंदेला हे झालं. ताईंच्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. तपासणी मिनिटभराची, त्यात दिशा पालटते हे कळणार कसं? शेवटी एका डॉक्टरबाईंनी घड्याळ लावून पाच मिनिटं नुसतं डोळ्यांकडे पाहिलं.

यामागचं गणित डेव्हिड रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलं. रॉबिन्सन मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, याचा मला उगाचच अभिमान! डोकं फिरल्याचा वेग मेंदू थोडा वेळ साठवून ठेवतो. नोड्युलसमधल्या पेशी ‘गाबा’ या रसायनाने त्या साठवणीला लगाम घालतात. लगाम सुटला की वेग वाढत जातो, दुरुस्ती करणारी दुसरी यंत्रणा त्याला उलट खेचते, आणि जास्तच खेचते. आमच्या भाषेत ऑसिलेशन.

औषध मात्र साधं: बॅक्लोफेन, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी जुनी गोळी. ती गाबासारखंच काम करते. या आजारात तिचा गुण येतो, हे १९८० मध्येच प्रसिद्ध झालं होतं. जन्मजात प्रकारात सहसा तेवढा उपयोग होत नाही. गोळीने झोप येते आणि ती मनाने एकदम बंद करायची नाही, फिट्स येऊ शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये डोळे लंबकासारखे हलतात, तिथे गॅबापेन्टिन किंवा मेमँटिन देतात. झटके खालच्या दिशेने असतील तर ४-अमायनोपायरिडीन. बिघाड कुठे आहे, त्यावर गोळी ठरते.

ताई आता पेपर वाचतात. इजा आहे तिथेच आहे. गोळी चुकली की संध्याकाळी टीव्ही पुन्हा सरकतो.

आपल्या बॅचमधल्या डॉक्टरांनो, ‘सगळं हलतंय’ म्हणणारा पेशंट आला, तर निदान एवढा वेळ त्याच्या डोळ्यांकडे बघत बसा. बाहेरची रांग थांबेल.