कपाटातली सीडी आणि पलंगाखालची गुंडाळी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "तुम्ही आर्किटेक्टच्या ऑफिसात आयुष्य काढलंत, दहा मिनिटं काहीतरी माहितीपूर्ण बोला. फक्त कंटाळा आणू नका." दुसऱ्या अटीची खात्री मी देत नाही. पण विषय आपल्या घराचाच आहे. म्हणजे सोसायटी ऑफिसच्या लोखंडी कपाटात, जुन्या मेंटेनन्स पावत्यांच्या खाली सापडलेल्या एका सीडीचा.

मागच्या वर्षी आपण स्ट्रक्चरल ऑडिट केलं. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. इंजिनिअर आले, बी विंगच्या डक्टशेजारचा कॉलम बघितला. गिलाव्याला उभी चीर होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मूळ ड्रॉइंग आहेत का?" आपण अभिमानाने सांगितलं, "आहेत ना, सीडीवर आहेत!"

आता सीडी घालायला कॉम्प्युटर कुठला? माझ्या लॅपटॉपला ती खाचच नाही. ए विंगमधल्या एका मुलाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी चालली, फायली दिसल्या, ऑटोकॅडमध्ये उघडल्यासुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र गप्प होतो. फाइल उघडली म्हणजे ड्रॉइंग मिळालं असं नसतं, हे मी बऱ्याच वेळा पोळून शिकलोय.

थोडं समजावून सांगतो. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. त्याची फाइल असते डीडब्ल्यूजी. नाव तेच राहिलं, पण आतली मांडणी दर काही वर्षांनी बदलत गेली. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर बाकी सगळं अगम्य दिसतं, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. तीच तिची जन्मखूण. एसी १०१४ म्हणजे रिलीज १४ ची फाइल. एसी १०१५ म्हणजे ऑटोकॅड २००० ते २००२ ची. एसी १०२७ म्हणजे २०१३ ते २०१७ ची आणि एसी १०३२ म्हणजे २०१८ नंतरची. कोणी "फाइल उघडत नाही" म्हणालं की मी आधी ही सहा अक्षरं बघतो.

आपल्याकडे आजोबांनी मोडीत लिहिलेला कागद नातवाला वाचता येत नाही. इथे उलटं आहे. नव्या सॉफ्टवेअरला जुनी फाइल वाचता येते, जुन्याला नवी वाचता येत नाही. कारण सरळ आहे. जुनं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा नवी मांडणी जन्मालाच आली नव्हती.

आपल्या सीडीवरच्या फायली एसी १०१४ होत्या. म्हणजे नव्याने जुनी उघडली, ठीक. पण काय काय नव्हतं बघा. कॉलमचा मूळ आराखडा वेगळ्या फाइलमध्ये होता आणि या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेला होता. ती जोडफाइल त्या काळच्या कोणा ड्राफ्ट्समनच्या डी ड्राइव्हवर राहिली. सीडीवर आलीच नाही. तिच्या जागी फक्त तिचा पत्ता लिहिलेली एक ओळ दिसत होती. दुसरं, अक्षरांचे फॉन्ट फाइलच्या आत नसतात, वेगळे असतात. तेही आले नाहीत. त्यामुळे मराठी टिपा इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसत होत्या आणि सळईच्या व्यासाची खूण जिथे हवी तिथे प्रश्नचिन्ह. कॉलमच्या तक्त्यात "६ - ? १६" असं वाचून इंजिनिअर हसले. मला हसू आलं नाही.

तरी तक्ता वाचता येत होता. चिरेच्या कॉलमचं माप २३० बाय ४५०, सळया १६ मिलिमीटरच्या ६. खाली जाऊन टेप लावली तर लांब बाजू गिलाव्यासकट ६४० भरली. दोन्हीकडचा गिलावा वजा केला तरी ६००. म्हणजे फाइल एक सांगते आणि इमारत दुसरंच. माप टेपने कळतं, आतली सळई टेपने कळत नाही. फाइलमधल्या सळया धरल्या असत्या तर इंजिनिअरच्या हिशोबात तो कॉलम कमजोर ठरला असता आणि त्याला जॅकेटिंग करायचा खर्च आपल्या सगळ्यांच्या माथी आला असता.

त्याच संध्याकाळी आपल्या पहिल्या सेक्रेटरीकाकांच्या घरून काकूंचा निरोप आला. "ह्यांनी पलंगाखाली एक गुंडाळी ठेवली होती. टाकू नकोस म्हणाले होते. बघता का?" बघतो तर अमोनिया प्रिंटचा पूर्ण संच! कडा पिवळ्या, घड्यांवर रेषा पुसट, पण वाचता येण्यासारखा. त्यात तोच कॉलम: २३० बाय ६००. २० मिलिमीटरच्या ४ आणि १६ च्या ४ सळया. कोपऱ्यात शिक्का, सुधारित ड्रॉइंग.

मग सुधारित फाइल सीडीवर का नाही? आर्किटेक्टकडे तेव्हा काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनना फोन लावला. आता ते निवृत्त आहेत, पण आठवण पक्की. म्हणाले, "अहो साहेब, आरसीसीवाल्यांकडे तेव्हा नवीन २००० आलं होतं, आमच्याकडे १४. त्यांची फाइल आमच्याकडे उघडेना. काम थांबलेलं, स्लॅबची तारीख ठरलेली. त्यांनी प्रिंट पाठवली, साइटवर तीच गेली. फाइलचं नंतर बघू म्हणालो, ते राहूनच गेलं."

मंडळी, २००० मधून १४ च्या मांडणीत फाइल सेव्ह करून देणं तेव्हाही शक्य होतं. दोन मिनिटांचं काम. ते राहिलं, आणि पंचवीस वर्षांनी आपण कॉलमसमोर डोकं खाजवत उभे. कोणी फसवलं नाही, कोणी आळशी नव्हतं. फक्त दोन ऑफिसांची दोन व्हर्जन होती.

कॉलमची चीर वरच्या गिलाव्यापुरतीच निघाली, दुरुस्ती झाली. पण पुढचं ऐका. उद्या मोठी दुरुस्ती असो वा पुनर्विकास, आराखडे बहुधा रेव्हिटसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये होतील. तिथे ही अडचण आणखी कडक आहे. दरवर्षी नवं व्हर्जन येतं, फाइल एकदा नव्यात चढवून सेव्ह केली की जुन्यात परत आणता येत नाही. "जुन्या मांडणीत सेव्ह करा" ही सोयच तिथे नाही.

म्हणून कमिटीला माझी विनंती. ज्याला ज्याला काम द्याल, त्याच्या नेमणूकपत्रात चार गोष्टी लिहून घ्या. एक, डीडब्ल्यूजी फाइल जुन्या मांडणीत, २०१३ च्या चालेल, आणि तिच्यासोबत सगळ्या जोडफायली व फॉन्ट एकत्र बांधून. ऑटोकॅडमध्ये त्यासाठी ई-ट्रान्समिट नावाची सोय आहे. दोन, प्रत्येक ड्रॉइंगची मापासह पीडीएफ. पीडीएफ/ए हा प्रकार दीर्घकाळ जपण्यासाठीच ठरवला आहे, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच राहतात. तीन, त्रिमितीय काम असेल तर त्याची आयएफसी प्रत. हा कुठल्याही एका कंपनीचा नसलेला खुला प्रकार आहे. चार, शेवटच्या सुधारित ड्रॉइंगची सहीशिक्क्याची कागदी प्रत, घडी न घालता, नळकांड्यात.

आणि पाचवी गोष्ट आपण करायची. दरवर्षी एजीएमच्या आधी कोणीतरी एकदा या फायली उघडून बघायच्या. ऑटोकॅड विकत घ्यायची गरज नाही, ट्रूव्ह्यू फुकट मिळतं, त्यात फाइल दिसते आणि जुन्या मांडणीत बदलताही येते. पाण्याची टाकी आपण वर्षातून साफ करतोच ना? तसंच हे. आपल्या मुलांपैकी कोणी हे काम घेणार असेल तर मी शिकवायला तयार आहे. चहा माझ्याकडे.

काकूंनी दिलेल्या प्रिंट आता स्कॅन झाल्या आहेत आणि मूळ गुंडाळी ऑफिसात नळकांड्यात ठेवली आहे. काका आज आपल्यात नाहीत. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण "टाकू नकोस" एवढं ते सांगून गेले. बी विंगच्या त्या कॉलमची खरी फाइल तीच होती.

काकू, तुमचे मनापासून आभार.