उन्हाळ्यातील नाटक आणि कामगाराचा वेळ



चैत्रातल्या गावजत्रांपासून ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघेपर्यंतचा काळ हा हौशी नाटकांचा जुना हंगाम आहे. शेतातली कामे उरकलेली असतात, शाळांना सुटी असते, रात्री कोरड्या असतात आणि देवळापुढच्या पटांगणात मांडव घालता येतो. कोकणातला चाकरमानी मे महिन्यात रजा काढून गावी जाई आणि गावच्या नाटकात भीम किंवा दुःशासन होऊन उभा राही. गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण'मध्ये याच गावनाटकाची फजिती रंगवली. १९८० साली मच्छिंद्र कांबळी यांनी ते व्यावसायिक रंगभूमीवर आणले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. त्या हसण्यात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. शहरात राबणारा माणूस गावी जाऊन तोंडाला रंग फासू शकत होता, कारण त्याच्या हाती रजा होती. आणि ती रजा मालकाच्या औदार्यातून आलेली नव्हती, ती संघटित लढ्यातून आली होती.

तळवड्यात उन्हाळी नाटकाचा विचार करताना आरंभ याच मुद्द्यापासून केला पाहिजे. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मधल्या शेतजमिनींवर पत्र्याच्या शेड, लघुउद्योग, गोदामे व भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेली माणसे या खोल्यांत राहतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात, ठेकेदाराच्या वहीत असतात.

याच तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. सहा जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला आणि पुढे उपचार चालू असताना आणखी काहींनी प्राण सोडले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वृत्तपत्रांनी आगीची बातमी दिली, चौकशीचे आदेश निघाले, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या. परंतु दुसऱ्यांच्या घरच्या आनंदासाठी दारू भरणाऱ्या या स्त्रियांचा रोजचा दिवस कसा सरत होता, त्या कामावर येताना घरी काय सांगून येत होत्या आणि धोका ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा का येत होत्या, हे कोणत्याही अहवालात येत नाही. ते सांगण्याचे साधन नाटक आहे, आणि त्या शेडमध्ये राबणाऱ्या माणसांइतके ते खरेपणाने दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात की आधी संघटना, मग करमणूक. हा क्रम आपल्याच चळवळीच्या इतिहासाला धरून नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे कलापथक गावोगाव फिरले. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य त्याच पथकासाठी लिहिले गेले. पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले आणि नाभिक कुटुंबातून आलेले राम नगरकर याच वातावरणात घडले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याच्या कार्यक्रमांनी गिरणगावात सभा भरविली आणि ती जागीही ठेवली. त्या काळात कलापथक हे संघटनेचे पहिले पाऊल होते.

दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे 'मशीन' १९७८ सालचे. सायकली ठेवण्यास जागा आणि चहासाठी उपाहारगृह एवढीच मागणी करणाऱ्या कामगारांवर एका कारखान्यात गोळीबार झाला, त्या घटनेवरून सुमारे १३ मिनिटांचे हे पथनाट्य उभे राहिले. त्याला पडदा लागत नव्हता, दिव्यांची गरज नव्हती. फाटकाबाहेरची मोकळी जागा पुरेशी होती. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूर येथे कामगारांपुढे प्रयोग चालू असताना सफदर हाश्मींच्या पथकावर हल्ला झाला. राम बहादुर हा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सफदर यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री सहकाऱ्यांसह त्याच जागी परतल्या आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. केवळ करमणुकीवर कोणी लोखंडी सळ्या घेऊन चालून येत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

जवळचे उदाहरणही आहे. २०१२ साली अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' रंगमंचावर आले, तेव्हा त्यात प्रामुख्याने पुणे महानगरपालिका कामगार युनियनचे सफाई कामगार उभे होते. पहाटे रस्ता झाडणाऱ्या हातांनी सायंकाळी जोतीराव आणि सावित्रीबाईंचा काळ उभा केला. हे घडले त्यामागे दिग्दर्शकाचे कौशल्य होते, तसेच युनियनचे पाठबळही होते. तालमीला येणाऱ्या कामगाराची नोकरी शाबूत होती आणि त्याच्यामागे संघटना उभी होती.

तळवड्यातील कंत्राटी कामगाराजवळ नेमके हेच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. म्हणून २४० दिवस भरण्याआधीच सेवा खंडित करण्याची चलाखी रूढ झाली. २०२० च्या नव्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता लागू झाली. पण ज्याचे नावच हजेरीपटावर नाही त्याला दिवसांची ही मोजणी काय कामाची? कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि ते कामगारांसाठी नाट्यस्पर्धाही भरविते. तथापि त्या मंडळाची वर्गणी ज्याच्या पगारातून कापली जात नाही, त्याला त्या स्पर्धेचे दार बंदच राहते. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास मान्यता दिली. बारा तास यंत्रापुढे उभे राहून, जाण्यायेण्यात दोन तास घालवून, पाण्याची भांडी भरून मग तालमीला कोणी यावे? तालमीचा तास हा मजुरीच्या तासातूनच सोडवून घ्यावा लागतो. आठ तासांची मागणी ही म्हणून सांस्कृतिक मागणीही आहे.

जागेचा प्रश्नही आहेच. शहरात चिंचवडला रामकृष्ण मोरे, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे, भोसरीत अंकुशराव लांडगे आणि पिंपळे गुरवला निळू फुले यांच्या नावाची महापालिकेची नाट्यगृहे आहेत. कलापथकातून वर आलेल्या नटाचे नाव वास्तूला मिळाले ही आनंदाची बाब होय. परंतु भाडे आणि अनामत भरून कंत्राटी कामगारांचे मंडळ तेथे पोहोचू शकत नसेल, तर त्या नावाचा मान अर्धाच राखला गेला.

तेव्हा या उन्हाळ्यासाठी कार्यक्रम साधा असावा. सुटीत रिकाम्या असलेल्या महापालिका शाळांची सभागृहे एप्रिल-मे महिन्यांत सायंकाळी विनामूल्य द्यावीत, अशी मागणी लेखी नोंदवावी. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्या दिवशी दुपारी तालीम ठेवावी, म्हणजे रात्री घराबाहेर राहू न शकणाऱ्या स्त्रियांनाही येता येईल. त्यांची मुले तालमीच्या जागीच सांभाळली जावीत आणि ते काम पुरुष साथींनी करावे. संहिता बाहेरून आणू नये. कामगारांनी सांगितलेल्या प्रसंगांतून ती जुळवावी, मात्र ठेकेदाराच्या रोषापासून त्यांना जपण्यासाठी नावे व ठिकाणे बदलावीत. भाषा मराठीच हवी असा हट्टही नको. स्वतः नाभिक असलेल्या भिखारी ठाकुरांनी परदेशी गेलेल्या मजुराची कथा 'बिदेसिया'त भोजपुरीत सांगितली. बिहारहून आलेल्या सोबत्यांना ती आजही आपली वाटते. मराठवाड्याचे भारूड आणि त्यांचा बिदेसिया एकाच चौकात शेजारी उभे राहिले, तर भाषेच्या नावाने कामगारांत फूट पाडणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होईल.

पहिला प्रयोग कच्चा होईल, कोणी संवाद विसरेल, कोणाची पाळी बदलल्याने ऐनवेळी पात्र गैरहजर राहील. त्याची फिकीर करू नये. पाळी का बदलली, याची विचारणा करण्यासाठी दुसऱ्या दिवशी सारे मंडळ मिळून ठेकेदाराकडे गेले, तर तळवड्यात संघटनेचा आरंभ झाला असे समजावे.