ट्रकला चिप की ट्यूनर?

(निवृत्तीला आलेल्या सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात पेन्शन, कम्युटेशन, ग्रॅच्युइटी यांवर बोलून झाले. तो पैसा हातात आल्यावर पुढे त्याचे काय होते, यातल्या एका गोष्टीवर आता आम्ही बोलणार आहोत. भुसावळ असो, इटारसी असो, खांडवा असो की हुबळी. रेल्वे कॉलनीत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये निवृत्तीचा पैसा आला की पहिला विचार घराचा होतो आणि दुसरा मुलाच्या किंवा जावयाच्या गाडीचा. निम्मे आपले, निम्मे कर्ज, असे करून ट्रक दारात उभा राहतो. यात वाईट काही नाही. पण दोन-तीन महिन्यांत कोणीतरी भेटतो आणि सांगतो, "चिप बसवा, ताकद वाढेल, डिझेल वाचेल." दुसरा सांगतो, "चिप नको, ट्यूनिंग करून घ्या." मग सभासद आमच्याकडे येऊन विचारतात, दोन्हींतले कोणते घ्यावे?

आम्ही मॅट्रिक झालेले, इंजिनियर नाही. पण शेडमधले जुने फिटर, मेल मोटार सर्व्हिसचे ड्रायव्हर आणि गॅरेजमधले कारागीर यांच्याशी बोलून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. डिझेल शेडमध्ये काम केलेल्यांना डब्ल्यूडीएम-२ इंजिन सांगायला नको. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पुढे त्याच घराण्यातले डब्ल्यूडीएम-३ए आले, ते ३१०० अश्वशक्तीचे. ही ५०० अश्वशक्ती वाढली कशी? कोणी रात्रीतून रॅक पुढे सरकवून डिझेल जास्त सोडले, असे झाले नाही. टर्बो सुधारला, आफ्टरकूलर मोठा केला, १५ मिलिमीटरच्या जागी १७ मिलिमीटरचा फ्युएल पंप आला, कॅमशाफ्ट मजबूत केला. म्हणजे डिझेल वाढवायचे तर हवा वाढवली, हवा वाढवायची तर ती थंड करण्याची सोय वाढवली, आणि वाढलेला ताण सोसणारे भाग बदलले. त्यानंतर लोड बॉक्सवर इंजिन तपासले आणि मगच ते गाडीला लावले. शेडमध्ये गव्हर्नरचे सील एखाद्याने परस्पर तोडले असते, तर त्याच्या हातात काय पडले असते हे आपण सगळे जाणतो.

हाच नियम ट्रकला आहे. डिझेल इंजिनाची ताकद डिझेल जाळण्यातून येते, आणि डिझेल जाळायला हवा लागते. हवेपेक्षा डिझेल जास्त झाले की काळा धूर निघतो, एग्झॉस्ट तापतो, आणि टर्बो व पिस्टन यांना झळ बसते.

जुन्या ट्रकला मेकॅनिकल पंप होता. पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढे. "पंप सेट करून आणला," असे ड्रायव्हर म्हणत ते हेच. आताच्या गाडीला कॉमन रेल आहे. एका जाड नळीत डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने भरून ठेवलेले असते. कोणत्या क्षणी, किती वेळ, किती डिझेल सोडायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. दाब, हवा, पाण्याचे तापमान, पायाखालचा ॲक्सिलेटर या सगळ्यांची खबर सेन्सर त्याला देतात. त्याच्या पोटात कोष्टके असतात. खबर घ्यायची, कोष्टक पाहायचे, हुकूम सोडायचा, एवढेच त्याचे काम. मुख्य म्हणजे इंजिनाला धोका दिसला की ताकद कमी करण्याचे कामही तोच करतो.

आता चिप म्हणजे काय ते पाहू. ऐंशी-नव्वदच्या दशकांत खरोखरच कॉम्प्युटरमधली मेमरी चिप काढून दुसरी बसवत, म्हणून हे नाव पडले. आज चिप म्हणून जे विकतात, ती बहुधा एक डबी असते आणि ती सेन्सर व कॉम्प्युटर यांच्या मधल्या वायरीत जोडतात. रेलमध्ये समजा १५०० बार दाब आहे, तर डबी कॉम्प्युटरला सांगते १३५० आहे. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जाते, गाडी उचलते. म्हणजे स्टेशन मास्तरला खोटा निरोप देऊन गाडी पुढे काढण्यातला हा प्रकार आहे. गाडी पुढे जाते हे खरे, पण सेक्शनमध्ये नेमके काय चालले आहे हे कंट्रोलला कळेनासे होते. पंप, इंजेक्टर आणि टर्बो यांच्यावर किती ताण आहे हे कॉम्प्युटरला माहीत नसते, आणि ज्याला माहीत नाही तो सांभाळणार कसा?

याहून स्वस्त माल म्हणजे डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायची डबी. यातल्या कित्येकांच्या पोटात दिवा लुकलुकवण्यापलीकडे काही नसते. तिने नुकसान होत नसेल तर फायदाही होत नाही, फक्त पैसे जातात.

चिपच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. ती स्वस्त असते, आणि दहा-पंधरा मिनिटांत काढता येते. विकणारा याच दोन गोष्टींवर जोर देतो. पण जी वस्तू सर्व्हिसिंगला जाण्याआधी काढून ठेवावी लागते, ती गाडीला भली की बुरी, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ट्यूनरचे काम वेगळे. ते यंत्र तपासणीच्या सॉकेटला जोडतात आणि कॉम्प्युटरमधली कोष्टकेच नव्याने लिहितात. डिझेल किती, केव्हा, टर्बोचा दाब किती, धुराची मर्यादा किती, हे सगळे बदलता येते. येथे सेन्सर खरेच बोलत असतात, खबर खोटी नसते. जाणकाराने मूळ कोष्टक आधी जपून ठेवले असेल तर ते परतही घालता येते. म्हणून निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर ट्यूनर चिपपेक्षा वरचढ आहे, हे मान्य करावे लागेल.

पण जो हात मर्यादा वाढवू शकतो, तोच ती पुसूनही टाकू शकतो. वेगाची मर्यादा काढणे, तापमानाचे संरक्षण काढणे, धूर गाळणारी यंत्रणा बंद करणे, हे सगळे त्याच यंत्राने होते. नवे कोष्टक कोणी लिहिले, कोणत्या गाडीवर तपासले, हे मालकाला दिसत नाही. लोड बॉक्ससारखे तपासायचे साधन ट्रकसाठीही असते, त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. पण रस्त्याकडेच्या दुकानात ते नसते. शिवाय कॉम्प्युटरमध्ये फेरफार झाल्याची खूण बऱ्याच गाड्यांत मागे राहते. मग वॉरंटीत इंजिन उघडायची वेळ आली की कंपनी बोट दाखवून मोकळी होते.

तेव्हा सभासदाच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: दोन्हींत तुलना केली तर ट्यूनर बरा, चिप वाईट. पण कर्जावर घेतलेल्या आणि माल घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकला बाहेरून आणलेले दोन्हीही नकोत. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण हिशोबाचे. समजा ट्रक महिन्याला ६००० किलोमीटर धावतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो. म्हणजे १५०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरा. विकणारा म्हणतो १० टक्के वाचतील, म्हणजे महिन्याला १३,५०० रुपये. हा आकडा ऐकूनच माणूस भुलतो. पण वाढलेली ताकद ड्रायव्हर वापरणारच, आणि ताकद वापरली की डिझेल लागणारच. तरी उदार मनाने ३ टक्के बचत धरू. ते ४,०५० रुपये झाले. आता हप्ता समजा महिन्याला ४५,००० आहे, म्हणजे दिवसाला १,५००. टर्बो किंवा इंजेक्टर गेला आणि गाडी दहा दिवस उभी राहिली, तर नुसत्या हप्त्याचेच १५,००० बुडाले. जवळजवळ चार महिन्यांची बचत दहा दिवसांत गेली. दुरुस्तीचे बिल आणि बुडालेले भाडे वेगळेच. आपले आकडे यात घालून प्रत्येकाने घरी हा हिशोब करून पाहावा.

दुसरे कारण कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत परस्पर फेरफार करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक आहे; टँकर आणि डंपर यांना ६० चा. तो काढणे हा तर उघड गुन्हाच. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हाती असा फेरफार लागला, तर दाव्यात काय अडथळे येतील हे सांगायला नको.

एक एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाचे द्रावण वापरून विषारी वायू कमी करणारी यंत्रणा आहे. युरियाचा खर्च वाचवायला ही यंत्रणा बंद करून देणारे लोक आहेत. हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला की, तिथे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल गाड्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा अशीच काढून टाकली गेली. तो धूर जातो कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून जाहीर केला. गुड्स शेडमध्ये ट्रक पाठीमागे लावला की त्या धुरात उभा असतो तो हमाल. मेल व्हॅनमधून बॅगा उतरवतो तो आपला पोस्टाचा भाऊ. मालकाची बचत आणि त्यांची छाती, असा हा व्यवहार आहे, आणि युनियनने तो मुकाट्याने पाहावा असे आम्हाला वाटत नाही.

तिसरे कारण ड्रायव्हरचे, आणि आम्ही ते सगळ्यांत मोठे मानतो. इंजिनाची ताकद वाढवली तरी ब्रेक तेच राहतात, टायर तेच, क्लच आणि गिअरबॉक्सही तेच. कसारा घाट किंवा बोरघाट चढताना गाडी जोरात चढली म्हणून आनंद होतो. पण उतरताना चिप कामाला येत नाही. आणि गाडी पळते म्हटले की मालक एक खेप वाढवतो. कामगारांनी झगडून १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ही मर्यादा लिहवून घेतली होती. आपण रेल्वेवाले ड्यूटीच्या तासांसाठी किती भांडलो! निवृत्तीनंतर आपणच मालक होणार असू, तर आपल्या गाडीवरच्या ड्रायव्हरला हा हक्क नाकारायचा का? गाडीवर मुलगा असो की पगारी माणूस, झोप त्यालाही येते.

जे मित्र मेल मोटार सर्व्हिसमध्ये किंवा टपालाच्या कंत्राटी गाडीवर आहेत, त्यांना विशेष सूचना. गाडीत अशी डबी बसवलेली आढळली, किंवा कोणी बसवायला सांगितले, तर तोंडी वाद घालू नका. तारीख घालून लेखी कळवा आणि नक्कल आपल्याजवळ ठेवा. अपघातानंतर पहिले नाव ड्रायव्हरचे लिहिले जाते. त्या वेळी तुमच्या हातात कागद असला पाहिजे.

मग डिझेल वाचवायचेच नाही का? जरूर वाचवा. टायरमधली हवा दर आठवड्याला मोजा. एअर फिल्टर वेळेवर बदला. ब्रेक चाकाला घासत नाही ना, ते पाहा. उभ्या गाडीचे इंजिन बंद करा. वेग ८० वरून ६० वर आणला तर हवेचा विरोध जवळपास चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओव्हरलोड टाळा. ताकदीचीच गरज असेल तर गाडी घेतानाच चढाचा आणि मालाचा विचार करून मोठ्या इंजिनाची घ्या. काही गाड्यांत कंपनीनेच जड माल, हलका माल असे बटण दिलेले असते. महिंद्राच्या ब्लाझो ट्रकमध्ये २०१६ पासून ही सोय आली. हासुद्धा ट्यूनरच आहे, पण तो कारखान्यात तपासलेला, वॉरंटीतला आणि कायद्यातला. रिकामी गाडी परतताना तो ड्रायव्हर वापरतो का, एवढे मात्र पाहा. आणि गाडी एकाएकी दम टाकू लागली तर चिप शोधू नका, कारण शोधा. गळका इंटरकूलर पाइप किंवा तुंबलेला डिझेल फिल्टर हाच बहुधा चोर असतो.

बचत खरी की खोटी हे पाहायचे असेल तर एकाच रस्त्यावर, एकाच वजनाच्या मालाने, टाकी काठोकाठ भरून सहा-सात खेपांचा हिशोब वहीत लिहा. एका खेपेवरून काही ठरवू नका; वारा उलटा फिरला तरी आकडा बदलतो. विकणाऱ्यालाही हीच वही दाखवा आणि बिलावर लेखी हमी मागा. आमचा अनुभव असा की हमीचे नाव काढले की बोलणे लवकर संपते.

आपली ग्रॅच्युइटी एकदाच मिळते. पस्तीस-चाळीस वर्षे रात्रपाळ्या करून, टपालाच्या पिशव्या वाहून मिळवलेला तो पैसा आहे. गाडी घेण्यापूर्वी किंवा गाडीत काही बदल करण्यापूर्वी शाखेच्या ऑफिसात येऊन कागद दाखवा. आपल्यात निवृत्त फिटर आहेत, ड्रायव्हर आहेत, ते पाहून सांगतील. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्यापैकी एक जण ऑफिसात बसेल, अशी व्यवस्था आम्ही केली आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!