डोंगरवाट आणि धरणाचे पाणी
(जावळी खोऱ्यातील साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी आपल्या कासच्या पठाराविषयी आणि कोयनेच्या पाण्याविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तर, ज्या वाटेने आम्ही गुरे नेली, मोळ्या आणल्या, ती वाट आम्हाला काय सांगता? खरे आहे. वाट मी सांगणार नाही. पण त्याच वाटेने आता वेगळी माणसे येऊ लागली आहेत. पाठीवर पिशवी, पायांत भारी बूट. त्यांना मोळी नको, चारा नको. ती नुसती चालायला येतात. आपल्या आज्यांना हे कुणी सांगितले असते, तर त्यांनी विचारले असते, "कामाबिगर डोंगर कोण चढतंय?"

पण यात वावगे काही नाही. शहरात माणसाला मोकळे आभाळ दिसत नाही, कोंदट खोलीत दिवस जातो. त्याला चार कोस चालावेसे वाटले, पाण्यावर नावेत बसावेसे वाटले, तर ते चांगलेच आहे. त्याच्या येण्याने आपल्या घरी चूल पेटते, हेही खरे. कुणी जेवण करून घालते, कुणी नाव चालवते, कुणी वाटाड्या होते. प्रश्न एवढाच, की तो जे पाहायला येतो तेच त्याच्या पायाखाली गेले, तर पुढे तो येणार कशाला आणि आपण खाणार काय?

आधी पठार पाहू. कास साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर. समुद्रापासून १,२०० मीटरच्या आसपास उंच. वर सगळा जांभ्या दगडाचा कातळ. त्यावर माती किती? कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. शेतकऱ्याने पाहिली तर तो म्हणेल, यात हुलगासुद्धा येणार नाही. पण पाऊस सुरू झाला की याच बोटभर मातीतून तेरडा उठतो, सोनकी उठते, गेंद उठतो, सीतेची आसवे निळी होतात. साचलेल्या डबक्यांत वायतुरा येतो. या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफलेले आहे. दवबिंदू नावाची एक इवलीशी वनस्पती आहे. तिच्या पानांवर चिकट थेंब असतात. किडा बसला की अडकतो आणि ती त्याला पचवते. असे का? तर मातीत कस नाही. मातीतून मिळत नाही ते ती किड्यातून घेते. गरिबाची हुशारी म्हणा हवी तर.

आता एवढ्या पातळ मातीवर बुटाचा पाय पडला, की काय होते? माती दाबली जाते, घट्ट होते. घट्ट मातीत पाणी मुरत नाही, बी रुजत नाही. एक माणूस गेला तर कळतही नाही. पण फोटोसाठी हजार माणसे फुलांत बसली, तर तिथे टक्कल पडते. ते टक्कल एका पावसाने भरून येत नाही.

कारवीचे तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या कुडाच्या भिंती कारवीच्याच काठ्यांच्या. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. फुलते, बी धरते आणि वाळून जाते. म्हणजे तिच्या आयुष्यात फुलण्याची पाळी एकदाच. कुणी तिचा फुललेला तुरा मोडून केसात खोवला, तर त्या फांदीची सात वर्षांची वाट पाहणी फुकट गेली.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या. त्यांपैकी चार महाराष्ट्रातल्या: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. वारसा म्हणजे काय? वडिलांकडून आलेली आणि मुलाला द्यायची वस्तू. नाव झाले तशी गर्दी झाली. रविवारी मोटारींची रांग लागू लागली. तेव्हा वनखाते आणि भोवतालच्या गावांच्या समित्या यांनी मिळून नियम केले. फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांचीच मर्यादा ठरली. आधी नोंदणी, मग प्रवेश, प्रवेशाला शुल्क. त्या पैशातून गावातल्या माणसांना राखणीचे काम मिळते. काही पाहुणे रागावतात, म्हणतात, डोंगर काय तुमच्या मालकीचा आहे? त्यांना नम्रपणे सांगावे, मालकीचा नाही, राखणीचा आहे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. गर्दी आवरण्यासाठी पठाराला तारेचे कुंपण घातले गेले. त्याने माणसे थांबली, पण गुरेही थांबली. पूर्वी गुरे चरत, त्यामुळे गवत आटोक्यात राही आणि लहान फुलांना ऊन मिळे. शेण पडे तेही खताला होई. चरणे बंद झाले, उंच गवत माजले आणि त्याखाली फुले दबली, असे गावकरी म्हणू लागले. काही अभ्यासकांनीही तेच सांगितले. यावर पुष्कळ वाद झाला. माझे मत विचाराल, तर तारेपेक्षा माणूस बरा. तारेला गाय आणि मोटार यांतला फरक कळत नाही, राखणदाराला कळतो. पण गुरे किती सोडायची आणि कधी सोडायची हे गावाने बसून ठरवले पाहिजे. शेकड्याने सोडली, तर बुटांनी झाले तेच खुरांनी होईल.

पठाराशेजारचा कास तलाव इंग्रजांच्या काळातला. त्याचे पाणी सातारा शहर पिते. तलावाकाठी पत्रावळी, बाटल्या, उरलेले अन्न टाकले, की ते पावसाने कुठे जाणार? तलावात. मग साताऱ्यात आपली लेक नांदत असते तिच्या हंड्यात. एवढे सांगितले तरी पुरे.

आता खाली कोयनेकडे चला. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. उंची १०३ मीटर, पाणी सुमारे १०५ अब्ज घनफूट. एक अब्ज घनफूट म्हणजे २,८०० कोटी लिटरांहून अधिक. गुणाकार तुम्ही वहीत करा. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेतात आणि त्यावर वीज करतात. त्या शिवसागर जलाशयाखाली आपल्यातल्या कितीतरी जणांची घरे, भातखाचरे आणि देवळे आहेत. कुणाला सोलापूरकडे, कुणाला कोकणात, ठाण्याकडे जावे लागले. म्हणून मी पाहुण्यांना नेहमी सांगतो, या पाण्यावर नावेत बसून गाणी जरूर म्हणा, पण खाली गाव आहे हे ध्यानात असू द्या.

जे मागे राहिले त्यांची शेती गेली, वाट पाण्याखाली गेली. तेव्हा नाव हीच वाट झाली. बामणोली, तापोळा, शेंबडी इथली माणसे नावा चालवू लागली. आज त्याच नावा पाहुण्यांना वासोट्याला नेतात. वासोटा म्हणजे व्याघ्रगड. बामणोलीहून नावेने मेट इंदवली गाठायची आणि मग दाट रानातून चढायचे. हे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वनखात्याची परवानगी लागते, रात्रीचा मुक्काम करता येत नाही, पावसाळ्यात वाट बंद असते.

तिथली एक पद्धत मला फार आवडते. चढण्याआधी पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. उतरल्यावर पुन्हा मोजतात. नेल्या तेवढ्या परत आणल्या, की पैसे परत. यात भाषण नाही, पाटी नाही, रागावणे नाही. नुसती मोजणी आहे. आणि मोजणीपुढे शहाणाही सरळ वागतो.

मुनावळ्याला २०२४ साली सरकारने मोठे जलपर्यटन केंद्र सुरू केले. तिथे वेगाच्या यंत्रनावा आल्या. आपल्या मुलांना काम मिळावे ही माझीही इच्छा आहे. पण यंत्रनावेचा आवाज पलीकडच्या रानात जातो, तेल पाण्यावर पसरते आणि तिच्या लाटांनी काठाची माती सुटते. म्हणून कुठल्या भागात यंत्र चालेल आणि कुठे नुसते वल्हे, याची हद्द ठरली पाहिजे. आणि नाव कोणतीही असो, अंगात तरंगणारे जाकीट घातल्याशिवाय कुणाला बसू देऊ नका. दोन माणसे जास्त घेतली तर चार पैसे जास्त मिळतात, हे नावाडी जाणतो. पाणी किती खोल आहे हेही तोच जाणतो.

चालायच्या वाटेविषयीही थोडे. आपल्या वाडवडिलांनी वळणावळणाची वाट उगाच नाही काढली. वळणाने पाण्याचा जोर मोडतो. तरणी पोरे वळण सोडून सरळ उतरतात. त्या सरळ रेघेत पहिल्या पावसाचे पाणी शिरते, दुसऱ्या पावसात तिची घळ होते, पुढे झाडाची मुळे उघडी पडतात. सुटलेली माती जाते कुठे? धरणात, गाळ होऊन. असा आडमार्ग दिसला, की त्याच्या तोंडाशी काट्याची फांदी टाका आणि उतारावर दगड आडवे लावून पाणी बाजूला काढा. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणि वणवा. पाहुण्यांची चूल विझवून घ्या, हे तर झालेच. पण दरवर्षीचे सगळे वणवे पाहुणेच लावतात का? नवे गवत चांगले फुटते म्हणून आपणच काडी लावतो. हे बोलायला कडू आहे, पण तुमच्यासमोर नाही बोलायचे तर कुठे बोलायचे?

आता कामाचे बोलतो. तुमच्यापैकी पुष्कळजण यंदा अक्षर-अंक शिकले. बायका तर पुरुषांच्या पुढे गेल्या. गावाच्या वाटेवर, नावेच्या धक्क्यावर नोंदवही ठेवायची आहे आणि ती तुम्हीच लिहायची आहे. पुढच्या बुधवारी प्रत्येकाने वहीला रेघा मारून आणावे. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात पुढाऱ्याचे नाव. तिसऱ्यात माणसे किती. चौथ्यात बाटल्या-पिशव्या नेल्या किती, पाचव्यात परत आल्या किती. सहावा रकाना मोकळा सोडा. त्यात वाटेवर काय दिसले ते लिहायचे, घळ, धूर, मेलेले जनावर, फुललेली कारवी, काहीही. चौथा आणि पाचवा आकडा जुळला नाही तर अनामत कुणाकडे राहील, हे ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या, म्हणजे धक्क्यावर भांडण नको.