निरोप अर्ध्या वाटेत अडकू नये

लोहाऱ्याहून मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. कपाशी कमरेला लागली, फवारणीचे दिवस आले. म्हणून आज हप्त्याचं नाही, निरोपाचं बोलू.

२०१७ चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलं नाही. फवारणीची विषबाधा होऊन वीसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. रोगी पावसाळ्यातच येत होते, सरकारचं विशेष तपास पथक नेमलं गेलं ऑक्टोबरात. मधले दिवस कुठं गेले? यवतमाळचं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, गावचं आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, आणि कीटकनाशकाची दुकानं तपासतं कृषी खातं. एकाला रोगी दिसतो, दुसऱ्याला डबा. दोघं वेळेवर बोलले नाहीत, तर तेच औषध दुसऱ्या वावरात फवारलं जातं.

पण वरच्यांनाच बोल लावून भागत नाही. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा फवारून आला. घाम, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी. ती म्हणाली, ऊन लागलं असेल. रात्री दवाखान्यात विचारलं, औषध कोणतं? डबा तर धुऱ्यावर फेकलेला! पोरगा अंधारात बॅटरी घेऊन डबा शोधायला धावला. माणूस वाचला. तीन दिवसांनी गटाच्या बैठकीत कळलं की त्याच आठवड्यात आणखी दोघींच्या घरी असंच झालं होतं. तिघीही गप्प होत्या.

एक माणूस पडला तर तो आजारी. तिघं पडले तर ती गावाची बातमी. ती आशाताईला सांगा. आशाताई नर्सताईला, नर्सताई आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगेल, तिथून तालुका, मग जिल्हा. कृषी सहायकालाही त्याच दिवशी फोन करा. दोन्ही वाटांनी निरोप जाऊ द्या.

आणि घरी एवढं करा. त्रास होताच कपडे बदलून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा, डबा किंवा त्यावरचं लेबल पिशवीत घालून सोबत न्या. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे पोरांनाही शिकवा.

आमच्या गटानं ठरवलंय, बैठकीत बचत मोजण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या आठवड्यात कोणाच्या घरी कोण आजारी पडलं? उत्तर वहीत लिहायचं, तारखेसह. तुमच्याही वहीत एक पान मोकळं ठेवा, तायांनो.